हॅरी फर्ग्युसन : हलक्या ट्रॅक्टरला जड नांगर ओढायला लावणारा माणूस

जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन खोलले की एक प्रश्न हमखास निघतो. खोललेच आहे तर मोठे लायनर-पिस्टन टाकून घ्यावेत का? ओढ वाढेल का? मिस्त्री बहुधा हो म्हणतो आणि खर्चाचा आकडा थोडा वर सरकतो. काही वेळा ओढ खरेच वाढते. पण पुष्कळदा रानात तीच तक्रार राहते, की नांगर दाबला की चाक जागेवर फिरते. इंजिनात दम आहे आणि तरी ट्रॅक्टर पुढे जात नाही, हे असे का होते, याचा छडा शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने लावला. आपल्या ट्रॅक्टरमागच्या तीन बिंदूंच्या जोडणीवर, म्हणजे दोन खालच्या लिंक आणि एक टॉप लिंक यांवर, त्याचा हक्क होता. त्याचे नाव हॅरी फर्ग्युसन.

शेत नको म्हणणारा मुलगा

हेन्री जॉर्ज फर्ग्युसन याचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात, डाउन परगण्यातील ड्रोमोर गावाजवळच्या ग्रोवेल येथे झाला. घर शेतकऱ्याचे आणि अकरा भावंडांचे. वडील कडक धार्मिक शिस्तीचे. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि हॅरी घरच्या शेतावर राबू लागला. अंगकाठी किरकोळ. घोड्यांमागचे काम त्याला झेपत नव्हते आणि आवडतही नव्हते. १९०२ मध्ये तो बेलफास्टला थोरल्या भावाच्या सायकल व मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात गेला आणि तिथे त्याचा हात बसला. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा कारागीर म्हणून त्याचे नाव झाले.

पुढची काही वर्षे मोटारसायकलच्या शर्यतींत गेली. मग विमानाचा नाद लागला. ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे स्वतः बांधलेल्या विमानातून त्याने सुमारे १२० मीटर उड्डाण केले. आयर्लंडच्या भूमीवरचे ते पहिले इंजिनवरचे उड्डाण मानले जाते. शेतीच्या लेखात विमान कशाला, असे वाटेल. पण ट्रॅक्टर म्हणजे लोखंडाचा भार अशी समजूत असलेल्या काळात वजन कमी ठेवून काम कसे काढायचे, हा विचार या माणसाच्या डोक्यात बहुधा तिथूनच आला.

१९११ मध्ये त्याने बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारींचा धंदा काढला. विली सँड्स नावाचा कुशल कारागीर तिथे कामाला आला. फर्ग्युसनच्या पुढच्या बहुतेक कल्पना लोखंडात उतरवण्याचे काम सँड्सने केले. फर्ग्युसनचे चरित्र सांगताना सँड्सला विसरणे बरोबर नाही, कारण कागदावरची कल्पना आणि रानात चालणारा नांगर यांत बराच पल्ला असतो.

१९१७ : ट्रॅक्टर उलार होतो तेव्हा

पहिल्या महायुद्धात ब्रिटनवर अन्नधान्याची टंचाई आली. परदेशातून येणारी जहाजे बुडत होती, घोडे आघाडीवर गेले होते, आणि सरकारला जास्त जमीन नांगराखाली आणायची होती. अमेरिकेतून ट्रॅक्टर आले, पण ते चालवायचे कसे हे कोणाला धड ठाऊक नव्हते. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्याने फर्ग्युसनवर ट्रॅक्टरच्या नांगरटीवर देखरेख करण्याचे आणि तिच्यात सुधारणा सुचवण्याचे काम सोपवले. तो आणि सँड्स गावोगाव फिरले. शेतकऱ्यांना नांगर कसा लावायचा हे शिकवता शिकवता त्यांनी शेकडो तास बांधावर उभे राहून नांगरट पाहिली. आजच्या भाषेत याला विस्तारकार्य म्हणायचे. पुढचे सगळे शोध त्या फिरतीतून निघाले.

त्यांना काय दिसले? ट्रॅक्टर अवजड होता आणि त्याच्यामागे साखळीने किंवा दांडीने स्वतंत्र नांगर बांधलेला होता, बैलाऐवजी ट्रॅक्टर एवढाच फरक. नांगराला स्वतःची चाके, स्वतःचे तरफे, कधी नांगरावर बसणारा दुसरा माणूस. चाकांना पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टर आणखी जड करायचा, मग त्या वजनाने जमीन दाबली जायची आणि तेच वजन हलवायला इंधन जळायचे.

दुसरी गोष्ट याहून वाईट होती. नांगराचा फाळ दगडात किंवा मुळात अडकला की नांगर थांबे, पण इंजिन थांबत नसे. मागची चाके जागेवर अडली की त्यांच्या आसाभोवती अख्खा ट्रॅक्टर फिरू पाही आणि पुढची चाके उचलली जात. बैलगाडी मागे जास्त भरली की ती उलार होते आणि जू वर जाते, तसेच हे. फरक इतकाच की ट्रॅक्टर उलार झाला तर तो चालकाच्या अंगावर पालथा पडतो, आणि क्लच दाबायला जेमतेम एखादा सेकंद मिळतो. यात माणसे मरत होती.

फर्ग्युसनचा विचार असा, की नांगर हा ट्रॅक्टरमागे ओढायचा वेगळा गाडा नको. नांगर आणि ट्रॅक्टर मिळून एकच यंत्र व्हावे. १९१७ मध्येच त्याने फोर्ड मोटारीपासून बनवलेल्या एका हलक्या ट्रॅक्टरसाठी थेट जोडला जाणारा, चाके नसलेला नांगर तयार केला. नंतर फोर्डसन ट्रॅक्टर आला, तेव्हा त्याच्यासाठी एकाखाली एक अशा दोन दांड्यांची जोडणी बनवली. तिने ट्रॅक्टर उलार होणे थांबले. पण खोलीचा प्रश्न राहिला. ट्रॅक्टर उंचवट्यावर चढला की नांगर वर, खड्ड्यात उतरला की नांगर खाली.

टॉप लिंक नेमके काय करते

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आठ-नऊ वर्षे गेली. १९२६ मध्ये त्याला ब्रिटिश पेटंट मिळाले, आणि पुढच्या काही वर्षांत जोडणी आज आपण पाहतो त्या रूपाला आली. हा भाग जरा नीट समजून घ्यावा, कारण इंजिनावर पैसे घालायचे की नाही हे त्यावर ठरते.

नांगर जमिनीत चालतो तेव्हा माती फाळाला मागे रेटते. फाळ खाली असतो आणि जोडणीचे बिंदू वर, त्यामुळे नांगराचा वरचा भाग पुढे झुकू पाहतो. खालच्या दोन लिंक ओढ घेतात, त्या ताणात असतात. वरची टॉप लिंक मात्र दाबली जाते आणि ट्रॅक्टरला पुढे व खाली रेटते. याचे दोन फायदे आहेत. पुढचा भाग उचलला जाण्याऐवजी जमिनीला धरून राहतो. आणि नांगराचे वजन व मातीचा नांगरावर येणारा खालचा ओढा लिंकांवाटे मागच्या चाकांवर येतो. जमीन जितकी कठीण, तितकी टॉप लिंक जोरात रेटली जाते.

फर्ग्युसनने या रेट्यालाच इशारा म्हणून वापरले. टॉप लिंकच्या मुळाशी त्याने एक जाड स्प्रिंग बसवली. रेटा वाढला की स्प्रिंग दबते, हायड्रोलिकची झडप उघडते आणि नांगर किंचित वर येतो. रेटा कमी झाला की नांगर पुन्हा खाली. नांगर उचलला जाऊ लागतो त्या क्षणी त्याचे वजन ट्रॅक्टरवर येते, म्हणजे पकड कमी पडू लागते नेमकी तेव्हाच मागच्या चाकांवर भार वाढतो. यालाच आज आपण ड्राफ्ट कंट्रोल म्हणतो.

आता ढोबळ हिशोब मांडू. २५ अश्वशक्तीच्या इंजिनातून साधारण ६० टक्के ताकद नांगरापर्यंत पोचली, म्हणजे १५ अश्वशक्ती, असे धरा. ताशी ४ किलोमीटर वेगाला एवढ्या ताकदीतून सुमारे १००० किलोची ओढ मिळायला हवी. पण ट्रॅक्टरचे वजन ११०० किलो असेल तर मागच्या चाकांवर ७०० किलोच्या आसपास येतात, आणि वाफशावरच्या चांगल्या रानात चाक आपल्यावरच्या वजनाच्या साधारण निम्मी ओढ देते. म्हणजे मिळणारी ओढ फक्त ३५० किलो. उरलेली ताकद चाक फिरवण्यात आणि टायर झिजवण्यात जाते. अशा ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद १३ टक्क्यांनी वाढवली तर कागदावरची १००० किलोची ओढ ११३० होईल, पण चाकाजवळचे ३५० तसेच राहतील. उलट जोडणीमुळे मागच्या चाकांवर ३०० किलो भार वाढला, तर इंजिनाला हात न लावता ओढ ५०० किलोवर जाते.

काळा ट्रॅक्टर, मग फोर्डचा हात

१९३३ मध्ये फर्ग्युसनने स्वतःचा पहिला ट्रॅक्टर बनवला. तो काळ्या रंगाचा होता म्हणून ‘ब्लॅक ट्रॅक्टर’ हेच त्याचे नाव पडले. आज तो लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. १९३६ पासून डेव्हिड ब्राउन यांच्या कंपनीबरोबर ‘मॉडेल ए’ निघू लागला. ट्रॅक्टर चांगला होता पण महाग होता. शिवाय शेतकऱ्याकडची जुनी अवजारे त्याला चालत नव्हती, नवी घ्यावी लागत. १३५० च्या आसपास ट्रॅक्टर बनले आणि भागीदारांचे बिनसले. ब्राउन यांना मोठा ट्रॅक्टर हवा होता आणि फर्ग्युसनला किंमत कमी हवी होती. अवजारासकट पाहिल्याशिवाय ट्रॅक्टरची किंमत कळत नाही, हा धडा आपल्याकडे आजही लागू आहे.

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन एक ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड यांच्याकडे गेला. फोर्ड शेतकऱ्याचे पुत्र, आणि अमेरिकेतले त्यांचे ट्रॅक्टरचे उत्पादन १९२८ मध्ये बंद पडलेले. त्यांच्या शेतावर प्रात्यक्षिक झाले. फर्ग्युसनच्या छोट्या ट्रॅक्टरने शेजारच्या जड ट्रॅक्टरांपेक्षा सहज नांगरट करून दाखवली. तिथेच, एकही कागद न करता, दोघांनी हात मिळवले. फोर्ड यांनी ट्रॅक्टर बनवायचा आणि फर्ग्युसनने अवजारे व विक्री पाहायची, असे ठरले. २९ जून १९३९ रोजी ‘फोर्ड-फर्ग्युसन ९एन’ बाजारात आला. किंमत ५८५ डॉलर. १९४७ पर्यंत या घडणीचे तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर निघाले.

तोंडी करार दोन म्हाताऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता तोवर टिकला. १९४५ मध्ये कंपनी हेन्री फोर्ड यांच्या नातवाच्या हाती आली. ट्रॅक्टरच्या धंद्यात तोटा दिसत होता, म्हणून त्याने फर्ग्युसनशी संबंध तोडला. १९४७ मध्ये त्याच जोडणीचा ‘८एन’ फोर्ड कंपनीच्या स्वतःच्या नावाने निघाला. फर्ग्युसनने जानेवारी १९४८ मध्ये २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला. खटला चार वर्षे चालला, आणि एप्रिल १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. रक्कम दाव्याच्या मानाने फारच थोडी होती, पण जोडणी कोणाची हे त्यातून जगाला कळले. माझ्या मते या प्रकरणातला खरा तोटा पैशांचा नाही. साठी ओलांडलेल्या एका संशोधकाची चार वर्षे वकिलांबरोबर गेली, हा तोटा मोठा.

करड्या रंगाचा ट्रॅक्टर आणि त्याचे इंजिन

दरम्यान इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे स्टँडर्ड मोटार कंपनीच्या कारखान्यात १९४६ पासून त्याचा स्वतःचा ‘टीई-२०’ निघू लागला. रंग करडा, वजन जेमतेम ११०० किलोच्या घरात. दहा वर्षांत पाच लाखांवर ट्रॅक्टर विकले गेले. साध्या शेतकऱ्याला परवडेल आणि त्याच्याच हाताने दुरुस्त होईल, हा फर्ग्युसनचा हट्ट त्यात दिसतो. नांगराचे बहुतेक नट एका पान्याने सुटत, आणि त्याच पान्यावर इंचाच्या खुणा असल्याने तासाची रुंदीही मोजता येई. शेती स्वस्त झाली तर अन्न स्वस्त होईल आणि जगातली भांडणे कमी होतील, असे त्याला मनापासून वाटे. नीटनेटकेपणाच्या बाबतीत तो इतका काटेकोर होता की हाताखालची माणसे कंटाळत.

टीई-२० चे इंजिन जुन्या ट्रॅक्टरांचे शौकीन आजही उघडतात, आणि मोठ्या लायनरचा प्रश्न इथे छान समजतो. सुरुवातीचे ट्रॅक्टर अमेरिकन कॉन्टिनेंटल इंजिनाचे होते, नंतर स्टँडर्डचे इंजिन आले. त्याचे लायनर वेट, म्हणजे बाहेरून पाणी खेळणारे आणि सुटे काढता येणारे. मूळ बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ९२ मिलिमीटर, क्षमता १८५० सीसी. १९५१ मध्ये कंपनीनेच बोअर ८५ मिलिमीटर केला आणि क्षमता २०८८ सीसी झाली, म्हणजे सुमारे १३ टक्के वाढ. स्ट्रोक तोच राहिला. म्हणून ब्रिटन-आयर्लंडमध्ये जुने इंजिन नव्याने बांधताना ८० ऐवजी ८५ किंवा त्याहून थोडे मोठे लायनर-पिस्टन बसवतात. ब्लॉक तोच राहतो, त्यामुळे काम सोपे. याच घराण्यातले इंजिन ट्रायम्फच्या स्पोर्ट्स मोटारींतही होते.

रॉकेलसारख्या इंधनावर चालणाऱ्या टीई-२० चा कॉम्प्रेशन रेशो मुद्दाम कमी ठेवलेला असे, नाहीतर इंजिन ठोकू लागे. असे इंजिन पेट्रोलवर आणताना फक्त लायनर बदलून भागत नाही. कमी कॉम्प्रेशनमुळे मिळणारी ताकद आधीच कमी असते, आणि ते वाढवल्यावरच बदलाचा गुण येतो. लायनरची बैठक आणि ब्लॉकच्या वर राहणारी त्याची उंची चुकली तर हेड गॅस्केट टिकत नाही, मग मोठा बोअर काय कामाचा?

वाढलेल्या ताकदीचा उपयोग कुठे होतो तेही पाहावे. पीटीओवर चालणारी कामे, मळणी यंत्र, पंप, रोटाव्हेटर यांना चाकाच्या पकडीचा अडसर फारसा नसतो, तिथे इंजिनाची वाढ थेट मिळते. जास्त वेगाने, कमी खोलीवर चालणाऱ्या अवजारालाही मिळते. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये खोल नांगरटीला मात्र क्वचितच मिळते. गव्हर्नर छेडून फेरे वाढवण्याच्या फंदात पडू नये. क्रँक, क्लच आणि मागचा आस जुन्याच ताकदीसाठी बनलेले असतात.

उत्तरार्ध

१९५३ मध्ये फर्ग्युसनने आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीत १० लाख डॉलरचा फरक राहिला होता, तो नाणे उडवून मिटवला आणि फर्ग्युसन हरला. नव्या कंपनीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, पण दुसऱ्याच्या हाताखाली किंवा शेजारी काम करणे त्याला कधी जमले नाही. १९५४ मध्ये तो बाहेर पडला. उरलेली वर्षे त्याने मोटारींच्या चारही चाकांना ताकद देण्याच्या संशोधनावर घालवली. विषय बदलला तरी प्रश्न तोच राहिला, इंजिनाची ताकद जमिनीपर्यंत पोचवायची कशी. जानेवारी १९५८ मध्ये एडमंड हिलरी यांची तुकडी पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून दक्षिण ध्रुवावर पोचली. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील आपल्या घरी फर्ग्युसनचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीच्या चारचाकी ताकदीच्या मोटारीने स्टर्लिंग मॉस यांच्या हाती ओल्टन पार्कची शर्यत जिंकली.

त्याच १९६० साली मद्रासला ‘टाफे’ कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात बनू लागले. आपल्याकडे गावोगाव दिसणारा १०३५ हा त्याच घराण्यातला. टीई-२० वर हायड्रोलिकचा एकच दांडा होता, तो ड्राफ्टचा. १९५६ च्या ‘एफई-३५’ मॉडेलवर ड्राफ्ट आणि पोझिशन असे दोन दांडे आले, आणि आज जवळजवळ सर्वच ट्रॅक्टरवर हे दोन्ही असतात.

शिवारात मात्र बहुतेक चालक सगळी कामे पोझिशनच्या दांड्यावरच करतात. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, फवारणी यंत्र यांना ते बरोबर आहे, तिथे अवजाराची उंची ठरलेली हवी. नांगर आणि खोल चालणाऱ्या कल्टिव्हेटरला मात्र पोझिशनचा दांडा खाली सोडून खोली ड्राफ्टच्या दांड्याने ठरवावी. मॉडेलप्रमाणे पद्धत थोडी बदलते, ती चालक पुस्तिकेत पाहावी. काळ्या रानात मधेच मुरमाड पट्टा लागत असेल तर फरक पहिल्याच तासाला कळतो. इंजिनाचा आवाज दबत नाही आणि चाक कमी घसरते. घसर १५ टक्क्यांच्या वर जात असेल तर आधी टायरची नक्षी, टायरमधले पाणी आणि चाकांची वजने तपासावीत.

ओंडका किंवा फसलेली ट्रॉली ओढताना साखळी टॉप लिंकच्या ब्रॅकेटला कधीही अडकवू नये. तिथून ओढले की जोर आसाच्या वरून लागतो आणि ट्रॅक्टर उलार होतो, १९१७ मध्ये व्हायचा तसाच. साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला लावावी.

इंजिन कामाला काढण्यापूर्वी एक तपासणी मिस्त्रीकडून करून घ्यावी. १०३५ सारख्या ट्रॅक्टरवर सीटखाली मागच्या बाजूला, टॉप लिंकच्या मुळाशी ती स्प्रिंग असते. तिच्यावरचे रबर फाटले की पाणी शिरते, गंज चढतो आणि स्प्रिंग अडकते. टॉप लिंक हाताने पुढे-मागे हलवून पाहावी. मोकळा खेळ लागत असेल किंवा स्प्रिंग गंजून घट्ट बसली असेल, तर ड्राफ्ट कंट्रोल काम करत नाही. ते दुरुस्त करून एक एकर नांगरून पाहावे आणि मग मोठ्या लायनर-पिस्टनचा हिशोब करावा.